टिटवीचं वजन

माझा नवरा सुतार आहे आणि माझा बाप टिटवी, हे मला सहा महिने ठाऊक होतं. त्या दोघांना मात्र नव्हतं. सहा महिने मी हे पोटात ठेवलं. एरवी शेजारच्यांकडे पाहुणे आल्याची बातमीसुद्धा माझ्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, यावरून काय ते समजा.

आधी माणसं सांगते. मी कल्याणी, शहरातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. नवरा निशिकांत शिरसाट, वेलगंगा खोरे महामंडळात कार्यकारी अभियंता. वेलदरा धरणाचा अठ्ठ्याहत्तर किलोमीटरचा डावा कालवा त्याच्या ताब्यात आहे. माझे वडील, आप्पा, त्याच महामंडळात त्याच कालव्यावर पाटकरी आहेत. कालव्याच्या काठानं रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं, कुठे गळतंय, कुठे तुंबलंय ते बघायचं, पाळीप्रमाणे शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्या उघडायच्या आणि लावायच्या, हे पाटकऱ्याचं काम. आप्पांचं नाव रावसाहेब खंडागळे. सगळ्या नोकरीत त्यांच्या वाट्याला आलेला साहेब तेवढाच, तोही आजीनं बारशाला दिलेला.

पाटकऱ्याच्या वर मोजणीदार, त्याच्या वर कालवा निरीक्षक, मग शाखा अभियंता, मग उपअभियंता, आणि मग आमचे हे. म्हणजे माझ्या माहेरात आणि सासरात चार टेबलांचं अंतर आहे. अकरा वर्षांपूर्वी ते इतकं नव्हतं. निशिकांत तेव्हा नवा कोरा शाखा अभियंता होता, पाहणीला आला की आमच्या चौकीवर पाणी प्यायला थांबायचा, आणि त्याला तहान जरा जास्तच लागायला लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं. आप्पांनी लग्नाला आनंदानं होकार दिला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं.

भांडण नव्हतं हो. उलट मानच इतका की त्यात शब्दाला जागा उरली नाही. घरात जावई म्हणून वरचा, खात्यात साहेब म्हणून वरचा. दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय? निशिकांत दारात आला की आप्पा उठून उभे राहत. तो जेवून उठेपर्यंत स्वतः जेवत नसत. त्यानं काही विचारलं की "व्हय साहेब" नाहीतर "ठीक हाय साहेब", संपला विषय. निशिकांत बिचारा माझ्याकडे बघायचा. मला एवढंच वाटायचं, की आप्पा निवृत्त व्हायच्या आत एकदा, एकदाच, या दोघांनी एका पंगतीला बसून जेवावं आणि माझ्या बापानं माझ्या नवऱ्याला तोंडावर सांगावं की बाबा, हे तुझं चुकलं.

आणि मग महामंडळात कट्टा आला.

कट्टा दिसायला तुमच्या-आमच्या फोनवरच्या गटांसारखाच. कुणी प्रश्न टाकतो, कुणी उत्तर देतो, कुणी अंगठा दाखवतो. पण तो ज्यांनी बनवला त्यांनी आधी दोन वर्षं खात्यातले हजारो कागद तपासले होते. 'योग्य मार्गानं' सादर केलेला कागद टेबलागणिक कसा बदलत जातो, हे त्यांनी मोजलं. पाटकरी म्हणतो, 'भराव खचतोय.' कालवा निरीक्षकाकडे त्याचं होतं, 'भराव थोडा खचल्यासारखा वाटतो.' शाखेत होतं, 'भरावाची किरकोळ दुरुस्ती प्रस्तावित.' आणि शेवटच्या टेबलावर पोचेपर्यंत, 'भराव सुस्थितीत, देखभाल चालू.' यात कुणीच खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकानं फक्त आपल्या वरच्याचा मूड सांभाळलेला असतो. वर्गात मी मुलांना एकामागे एक सात काचा धरून पलीकडे बॅटरी लावायला सांगते. प्रत्येक काच थोडासाच उजेड खाते, पण सातवीच्या अलीकडे उभा असलेला मुलगा म्हणतो, बाई, बॅटरी संपत आलीय.

म्हणून कट्ट्यावर टेबलं नव्हती. नाव नाही, हुद्दा नाही. यंत्र प्रत्येकाला एका पक्ष्याचं नाव द्यायचं आणि खरं नाव ज्याच्या त्याच्या संमतीशिवाय उघडायचं नाही. शिवाय मध्ये एक चाळणी होती. आपण बोलायचं, ती लिहायची. पण लिहिताना साहेब, महोदय, सविनय, लहान तोंडी मोठा घास, हे सगळं वरच्या वर अडवायची आणि खाली नुसता अर्थ पाडायची.

खरी गंमत वजनाची होती. या कालव्यात दर पाचशे मीटरवर पाण्याची उंची मोजणारं यंत्र आहे. कुणी कट्ट्यावर म्हणालं, 'उद्या दुपारपर्यंत एकोणतिसाव्या किलोमीटरला पाणी दोन बोटं उतरेल,' की कट्टा ते लक्षात ठेवायचा आणि उद्या दुपारी थेट पाण्यालाच विचारायचा. बोलणं खरं ठरलं की त्या पक्ष्याचं त्या जागेपुरतं, त्या विषयापुरतं वजन वाढे. खोटं ठरलं की घटे. अंगठे हजार मिळाले तरी वजन गुंजभर हलत नसे. आणि नवा प्रश्न आला की तो सगळ्यात आधी तिथल्या वजनदार पक्ष्याकडे जाई, मग तो पक्षी कोणत्याही खुर्चीवर बसलेला असो, नाहीतर बांधावर.

आप्पांच्या फोनवर कट्टा मीच चालू करून दिला. त्यांनी नाव वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"टिटवी? सगळ्या रानात ह्येच अभद्र पाखरू घावलं व्हय त्येला?"

"टिटवी ओरडते म्हणून तर लोक सावध होतात, आप्पा."

"म्या कवा वरडलो गं कुणावर?"

तेही खरंच होतं. पहिलाच प्रश्न आला तो 'सुतार' नावाच्या पक्ष्याकडून. बाविसाव्या किलोमीटरचा फाटा रुंद केला तर पाणी लवकर पुढे सरकेल का, असा. आप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि अदबीनं बोलले, "साहेब, आपण म्हणता ते बरोबरच आसंल, आम्ही अडाणी माणसं, पर एक डाव हितं पायधूळ झाडली तर लई उपकार व्हतील."

चाळणीतून खाली पडलं: 'हे चूक आहे. इथे येऊन पाहा.'

आप्पा दचकले. "ह्ये म्या म्हणलो?"

"अर्थ तोच आहे की, आप्पा."

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. "अर्थ त्योच हाय म्हणा," ते हळूच म्हणाले, आणि मिशीत हसले. चाळीस वर्षं तोंडात घोळवलेली गोष्ट कुणीतरी थुंकून टाकायला परवानगी दिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे निशिकांत जेवताना म्हणाला, "कल्याणी, कट्ट्यावर एक टिटवी आहे. काय माणूस आहे! मला सरळ म्हणाला, हे चूक आहे. अकरा वर्षांत मला खात्यात कुणी असं म्हणालेलं नाही."

"मग? राग आला?"

"राग कसला? बरं वाटलं. मी जाऊन पाहिलं आज. चूकच होतं."

माझी तव्यावरची पोळी करपली. सुतार म्हणजे सुतारपक्षी, सारखा टकटक करून विचारणारा. आणि तो माझ्याच ताटासमोर बसून लोणचं मागत होता.

सांगावंसं फार वाटलं. पण मी आप्पांना ओळखते. पलीकडे जावई आहे असं कळलं असतं, तर टिटवी त्याच दिवशी घरट्यात जाऊन बसली असती ती पुन्हा बाहेर आली नसती. म्हणून गप्प बसले आणि दोन्हीकडची मजा बघत राहिले. आप्पा संध्याकाळी फोन करून मला सांगत, "आज त्या सुताराला लई झापला." निशिकांत रात्रीच्या जेवणाला सांगे, "आज टिटवीनं मला झापलं," आणि बक्षीस मिळाल्यासारखा हसे. त्याच्या मते टिटवी म्हणजे कुणीतरी निवृत्त अधीक्षक अभियंता असणार. इतकं स्पष्ट बोलायचं म्हणजे निवृत्तिवेतन चालू झालेलं असलं पाहिजे, असा त्याचा तर्क होता.

दोन महिन्यांत चाळणीला काम उरलं नाही. आप्पा फोनमध्ये आपणहूनच सरळ बोलायला लागले. चिमणी नावाचं कुणी नवखं होतं, ते फार शाळकरी प्रश्न विचारायचं, वजन शून्य. आप्पा तिलाही शिकवत. 'चिमणे, कालव्यात पाणी सोडणं म्हणजे नळ उघडणं नव्हे.' अन् पस्तीस ते चाळीस किलोमीटरमधल्या भरावाबाबत टिटवीचं वजन साऱ्या महामंडळात पहिलं होतं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वजन करून काय बाजारात न्यायचंय का मला?" पण त्या दिवशी त्यांनी दाढी केली, असं आई म्हणाली.

एकदा तर कमालच झाली. निशिकांतनं कामाचं सोडून टिटवीला खासगीत विचारलं, 'एक घरगुती सल्ला हवा. अधिक महिना लागतोय. सासुरवाडीला धोंडे जेवायला जायचं आहे. सासरे फार चांगले आहेत, पण माझ्याशी बोलतच नाहीत. काय करावं?'

आप्पांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. मी पदर तोंडात कोंबला.

"मग तुम्ही काय म्हणालात, आप्पा?"

"म्हणलं, जावई मोठा माणूस आसला की सासऱ्याच्या तोंडाला कुलूप बसतंय बाबा. मला इच्यार, म्या बी त्यातलाच. तू असं कर, त्येंच्या कामातलं काहीतरी इच्यार. कामातलं इच्यारलं की माणूस बोलतंय." थोडं थांबून ते म्हणाले, "गुणाचं पोरगं दिसतंय गं हे सुतार. त्येचा सासरा नशीबवान हाय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

त्या वर्षी अधिक चैत्र होता. निशिकांत धोंडे जेवायला माझ्या माहेरी जायचा होता रविवारी, आणि सोमवारी कालव्याचं उन्हाळी आवर्तन सुटायचं होतं. पण नेहमीसारखं नाही. जानेवारीपासून कालवा कोरडा ठेवून त्यावर नवे स्वयंचलित दरवाजे बसवले होते. मुख्य अभियंता मॅडम स्वतः येऊन बटण दाबणार, सगळे दरवाजे एकदम उघडणार, सहाशे क्युसेक पाणी चाळीस तासांत थेट शेवटच्या गावाला, टेलला पोचणार, असा बेत होता. तो बेत निशिकांतनं आखलेला होता आणि त्यासाठी तो दोन वर्षं झटला होता.

टिटवी त्यावर तुटून पडली. 'याआधी कालवा सलग तीन महिने कोरडा कधीच राहिला नव्हता. काळी माती आहे. सदतिसाव्या किलोमीटरच्या भरावाला भेगा पडल्या आहेत, हात घातला तर खांद्यापर्यंत जातो. एकदम पाणी सोडलं तर पाणी भेगेतून वाट काढेल आणि भराव घेऊन जाईल. आधी शंभरच सोडा. तीन दिवस माती पाणी पिऊ दे, फुगू दे, भेगा आपोआप मिटतील. मग सोडा सहाशे. कालव्याला आधी पाजा, मग पळवा.'

विज्ञान सोपं आहे. काळी माती सुकली की आकसते आणि फाटते, भिजली की फुगते आणि मिटते. पण तिला वेळ लागतो. यंत्रं पाण्याची उंची मोजतात. पाणीच नाही तिथे ती काय मोजणार? तीन महिन्यांच्या कोरड्या कालव्याचा अनुभव कोणत्याच गणकाकडे नव्हता. आणि सदतिसाव्याच्या भरावाखाली माझ्या माहेरच्या सावरखेड्याची खालची आळी आहे. तीस-बत्तीस घरं आणि शाळा.

निशिकांतला ते इतकं पटलं की 'आधी पाजा, मग पळवा' हे त्यानं कचेरीतल्या फळ्यावर लिहून ठेवलं. मग नियमाप्रमाणे योग्य मार्गानं खाली विचारणा केली. शनिवारी उत्तर आलं. कालवा सर्व ठिकाणी सुस्थितीत, स्थानिक कर्मचाऱ्याच्या सहीसह.

"मामांची सही आहे," निशिकांत मला कागद दाखवत म्हणाला. "सदतीसवर रोज तेच चालतात. आता मी कुणाचं ऐकू?"

मी स्वयंपाकघरात जाऊन आप्पांना फोन लावला. "आप्पा, सही का केलीत?"

"शाखेच्या साहेबानं कागद पुढं केला. म्हणले, ठीक हाय ना? म्हणलं, व्हय साहेब." त्यांना प्रश्नच कळला नाही. "साहेबाला न्हाई कसं म्हणायचं? पर कट्ट्यावर खरं सांगून ठिवलंय की म्या. आन् तरी पाणी सुटलंच, तर दोनशे पोती माती भरून ठिवल्यात. बसतो की म्या तिथं."

त्यांच्या लेखी कागद ही रीत होती आणि कट्टा हे खरं. रीतीच्या जागी रीत, खऱ्याच्या जागी खरं. माणूस तोच, आणि त्याच्याच दोन तोंडांच्या मध्ये माझा नवरा अडकलेला.

रविवारी आम्ही सावरखेड्याला गेलो. आईनं अंगण सारवलं होतं, पाटाभोवती रांगोळी काढली होती. आळीतल्या बायका जावई बघायला ओसरीवर येऊन बसल्या होत्या. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आप्पांनी तांब्याच्या घंगाळात पाणी घेतलं आणि निशिकांतचे पाय धुतले. टिटवी सुताराचे पाय धुतेय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. निशिकांत अवघडून "मामा, राहू द्या" म्हणत होता आणि आप्पा मान खाली घालून म्हणत होते, "न्हाई साहेब, रीत हाय."

ताटात पुरणाचे धोंडे आले, वर तुपाची धार. आप्पा नेहमीप्रमाणे खांबाशी उभे. निशिकांतनं दोन घास खाल्ले आणि मग टिटवीचा सल्ला आठवून, अगदी मोकळ्या आवाजात, कामातलं विचारलं.

"मामा, सदतीसचा भराव कसा आहे हो?"

मी वाढता वाढता थांबले.

"ठीक हाय साहेब," आप्पा म्हणाले.

निशिकांतचा चेहरा उजळला. इतके दिवस मनावर असलेलं ओझं उतरलं म्हणून, आणि सासरे एकदाचे कामाचं बोलले म्हणूनही. "झालं तर! कट्ट्यावर कुणी एक टिटवी आहे, माणूस मोठा आहे, पण तो कुठं बसतो मला माहीत नाही. तुम्ही तर रोज पायाखाली घालता तो भराव. उद्या सहाशे सोडतो."

आप्पांनी हातातला पाण्याचा तांब्या खांबाशी ठेवला. ते मागच्या दारी निघून गेले, आणि मी तुपाची वाटी तिथेच ठेवून त्यांच्यामागे.

परसात पेरूखाली ते उभे होते. "त्येला टिटवीचं कसं म्हाईत गं? आन् कामातलं इच्यारायचं त्येला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांच्या तोंडावर आधीच उमटलं होतं.

"सुतार म्हणजे हेच, आप्पा."

ते मटकन दगडावर बसले. "आरं देवा. म्या त्येला म्हणलो, तुला नोकरीला कुणी लावलं." दोन्ही हातांनी त्यांनी डोकं धरलं. "चिखलात उभा करीन म्हणलो. जावयाला!"

"त्यांना आवडतं ते. सहा महिने जेवताना दुसरा विषय नाही. घरी आल्यावर बायकोची विचारपूस राहते, टिटवी आज काय म्हणाली ते आधी."

"खोटं."

"तुमची शपथ. आणि आप्पा, ते उद्या सहाशे सोडणार आहेत. टिटवीनं नको म्हटलं तरी. तुम्ही ठीक आहे म्हणालात म्हणून."

आतून आईचा आवाज आला, आणखी एक धोंडा घ्या म्हणून. आप्पा उठले, टोपी झटकली, नीट घातली आणि आत गेले.

"साहेब," ते खांबाशी उभे राहून म्हणाले, "आपण जे ठरवलं ते बरोबरच आसंल, आपलं शिक्षाण मोठं..."

"हो मामा," निशिकांत खुशीत म्हणाला आणि धोंड्याचा तुकडा तुपात बुडवला.

"तसं न्हाई. म्हंजी, लहान तोंडी मोठा घास व्हईल, पर जरा सबुरीनं..."

"काळजी करू नका, सगळं नीट होईल."

इथे चाळणी नव्हती. आप्पांचा शब्द रीतीच्या पोत्यात गुंडाळून जात होता आणि निशिकांतला नुसतं पोतं दिसत होतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'बोला' अशी मान हलवली. आणि माझ्या बापानं डोळे गच्च मिटले, फोनमध्ये बोलताना मिटायचे तसे.

"चूक हाय ह्ये!" ते कडाडले. "साफ चूक! कागदावर बसून कालवा चालतुय व्हय? चल, ऊठ, आत्ता चल सदतीसला, घाल हात त्या भेगेत, बघ खांद्यापातुर जातोय का न्हाई! खाली बत्तीस घरं हायती. पाणी काय बटणानं पळतंय? कालव्याला आधी पाजा, मग पळवा!"

आईच्या हातून पळी पडली. ओसरीवरच्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. ऐन धोंड्याच्या पाटावर जावयाला ऊठ म्हणालेला सासरा पंचक्रोशीत कुणी पाहिलेला नव्हता.

निशिकांतचा हात तोंडाजवळच थांबला होता. तुपाचा थेंब नव्या सदऱ्यावर पडला. तो आप्पांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी हसू दाबत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यात त्याला उत्तर मिळालं.

"टिटवी?" तो म्हणाला.

आप्पांनी डोळे उघडले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं, आणि ते हात जोडायला लागले. पण निशिकांत पाटावरून उठला, खरकट्या हातानंच, आणि त्यानं माझ्या बापाला मिठी मारली. आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पुरणाची पाच बोटं उमटली. आईनं तो सदरा अजून धुतलेला नाही.

"मामा," तो म्हणाला, "चला सदतीसला."

धोंड्याचे नवे कपडे घालून जावई भरावावर पालथा पडला आणि त्यानं भेगेत हात घातला. खांद्यापर्यंत गेला. तसाच पडून त्यानं दुसऱ्या हातानं फोन काढला आणि कट्ट्यावर बोलला: 'मी सुतार. माझं नाव उघडतो. निशिकांत शिरसाट, कार्यकारी अभियंता. माझा हात आत्ता सदतीसच्या भरावात आहे. उद्याचा बेत माझा होता आणि तो चूक होता. टिटवीचं ऐकून शंभर सोडावेत असं माझं म्हणणं आहे.' मग त्यानं फोन आप्पांपुढे धरला. "तुमचं नाव उघडू का?"

आप्पांनी एकदा खालच्या आळीकडे पाहिलं. "उघड," ते म्हणाले.

'रावसाहेब खंडागळे, पाटकरी.' अख्ख्या महामंडळाच्या पडद्यावर ते नाव झळकलं. पाच मिनिटांनी वजन शून्य असलेल्या चिमणीचं उत्तर आलं. 'शंभरच सोडू. मीही नाव उघडते. आणि खंडागळे, पाणी सोडणं म्हणजे नळ उघडणं नव्हे, हे मला आता पक्कं पाठ झालंय.' खाली मुख्य अभियंता मॅडमचं नाव होतं.

"आता मेलो," आप्पा म्हणाले आणि भरावावरच बसले. मग त्यांना हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. माझा बाप पोट धरून हसताना मी लहानपणानंतर त्या दिवशीच पाहिला.

सोमवारी मॅडमनी बटण दाबलं. फोटोत शंभर क्युसेक आणि सहाशे क्युसेक सारखेच दिसतात, त्यामुळे कुणाची काही तक्रार आली नाही. भाषणात मॅडमनी टिटवीचं नाव घेतलं. टिटवी मात्र तिथे नव्हती. पहिल्या पाण्याच्या तोंडाबरोबर पाटकऱ्यानं काठानं चालायचं असतं, ही आप्पांची जुनी रीत, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कार्यकारी अभियंता चालत होता. मंगळवारी सदतीसला पाणी थांबलं. पुढे सरकेचना. भेगांतून बुडबुडे येत होते, माती गटागटा पीत होती. बुधवारपर्यंत सगळ्या भेगा मिटल्या आणि पाणी अंग सावरून पुढे निघालं.

मंगळवारी दुपारी मी डबा घेऊन तिथे गेले. जावयाच्या वाणाचे तेहतीस धोंडे, आईनं बांधून दिलेले. बाभळीखाली दोघं बसले होते आणि बाविसाव्या फाट्यावरून जोरात वाद चालला होता.

"तसं न्हाई हो जावईबापू, डोकं चालवा जरा!"

"मामा, मोजून दाखवतो तुम्हाला!"

मी डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला आणि सवयीनं निशिकांतकडे सरकवला. आप्पांनी बोलता बोलता हात घातला, एक धोंडा उचलला, तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "आधी ऐकून घ्या माझं."

निशिकांतनं तर अजून जेवायला म्हणून हातही धुतला नव्हता.